गावच्या धान्यबँकेत स्वयंसेवक म्हणून जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यातल्या एका गावात मंडळाने देवळाशेजारच्या जुन्या शाळेच्या खोलीत धान्यबँक सुरू केली आहे. चाळीस घरांची यादी आहे आणि महिन्यातल्या दोन शनिवारी वाटप होतं. प्रश्नकर्ते मुंबईची नोकरी संपवून गावी परतले आहेत, त्यांना तिथे हातभार लावायचा आहे. नेमकं काम काय असतं, शिध्यात काय द्यावं, पावसाळ्यात माल कसा टिकवायचा, शिजलेलं अन्न घ्यावं का आणि पहिल्या दिवशी काय घेऊन जावं, असं त्यांनी विचारलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वाटपाचा शनिवार हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. त्या दिवशी माणसं आपोआप जमतात. माणूस कमी पडतो तो मधल्या दिवसांत: कट्टे (धान्याची पोती) उतरवायला, डाळ निवडायला, वजन करायला, गळती शोधायला, वही लिहायला. म्हणून मंडळाला सांगताना "वाटपाला येईन" असं सांगू नका. "दर बुधवारी दुपारी तीन ते पाच कोठी बघीन" असं सांगा आणि ते पाळा. ठरलेल्या वारी न चुकता येणारी दोन माणसं असली की धान्यबँक चालते. नसली की वर्षभरात तिथे कुबट वासाची बंद खोली उरते.

आता शिध्याचं. बहुतेक मंडळं सगळ्यांना सरसकट पाच किलो तांदूळ, एक किलो डाळ, एक लिटर तेल अशी पिशवी देतात. दिसायला भरलेली दिसते, पण कोकणात ती अर्धी चुकीची ठरते. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कार्डाला घरटी 35 किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. ज्यांना ते वेळेवर मिळतं त्यांच्या घरात तांदूळ असतो, खोट असते ती डाळीची, तेलाची, मसाल्याची. त्यांना आणखी तांदूळ दिला तर तो पडून टोके धरतो किंवा विकला जातो, आणि मग मंडळात कुजबुज सुरू होते की "बघा, गरज नव्हतीच." गरज होती, आपण दिलेली वस्तू चुकली होती. उलट केशरी कार्ड असून धान्याच्या यादीत नाव नसलेली घरं, आंब्याच्या बागेत राखणीला आलेली नेपाळी कुटुंबं, कार्ड दुसऱ्या जिल्ह्यात राहिलेले मजूर, यांना तांदूळच हवा असतो.

म्हणून शिधा तीन प्रकारचा ठेवा. चार माणसांचं घर आणि महिनाभराचा हिशोब धरला तर रेशन मिळणाऱ्यांसाठी: तूरडाळ दीड किलो, मसूर 1 किलो, काळे वाटाणे किंवा चवळी 1 किलो, कुळथाचं पीठ अर्धा किलो, तेल 2 लिटर, साखर 1 किलो, चहा पावडर 250 ग्रॅम, मीठ 1 किलो, कांदे 2 किलो, मसाला 200 ग्रॅम, हळद 100 ग्रॅम, अंगाचे आणि कपड्याचे दोन-दोन साबण. हे 11 किलोच्या आसपास जातं. रेशन नसलेल्यांना हेच, अधिक 10 किलो तांदूळ. तिसरा प्रकार एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा: उकडा तांदूळ 3 किलो, मूगडाळ 1 किलो, कुळथाचं पीठ अर्धा किलो, तेल अर्धा लिटर, गूळ अर्धा किलो, साखर अर्धा किलो, चहा 100 ग्रॅम. सकाळी पेज, रात्री पिठी-भात एवढंच जे घर रांधतं तिथे वाटाण्याचा उपयोग नाही, ते शिजवायला गॅस जातो आणि दातांना चालत नाहीत. साखर चालत नसेल तर तेवढ्याची डाळ वाढवा.

हिशोब करून बघा. चाळीसपैकी समजा चोवीस घरं पहिल्या प्रकारात, सहा दुसऱ्या, दहा तिसऱ्या प्रकारात येतात. तांदूळ लागतो 60 अधिक 30, म्हणजे 90 किलो. तूरडाळ 45 किलो. तेल 65 लिटर. सरसकट पाच किलोच्या हिशोबाने तांदूळ 200 किलो घेतला असता. वाचलेल्या 110 किलोंच्या पैशांत डाळ-तेलाचा बराच भाग सुटतो. तांदूळ मात्र 90 लागणार म्हणून 90 आणू नका, 95 ते 100 आणा. कट्ट्यावरच्या आकड्यात कधी बारदानाचं वजन धरलेलं असतं, भरताना थोडं सांडतं, आणि पिशव्या भरता भरता शेवटची हमखास कमी पडते.

कोणतं घर कोणत्या प्रकारात, हे ठरवण्यासाठी चौकशी समिती वगैरे नको. आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि रेशन दुकानदार यांना माहीत असतं. तुम्ही घरी जाऊन दोनच गोष्टी विचारा: रेशन मिळतं का, आणि चुलीवर रांधता की गॅसवर. रेशन मिळत नसेल तर का, ते खोदून विचारा, कारण इथे स्वयंसेवकाचं सगळ्यात मोलाचं काम दडलेलं असतं. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हातारीचा अंगठा मशीनवर उठत नाही, सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नसतं, आधार जोडलेलं नसतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत एक फेरी मारून हे सुटलं तर त्या घरात दर महिन्याला वीस किलो धान्य कायमचं सुरू होतं. तेवढं कुठलीच धान्यबँक देऊ शकत नाही. तक्रारीसाठी 1967 हा रेशनचा हेल्पलाइन क्रमांक आहे. एक देश एक रेशनकार्डामुळे बाहेरच्या जिल्ह्यातलं किंवा राज्यातलं कार्डही इथल्या दुकानात चालतं. मजुरांना हे बऱ्याचदा माहीत नसतं, ते सांगा.

वर्षातले कठीण महिने ओळखून ठेवा. 1 जूनपासून यांत्रिक नौकांना समुद्र बंद होतो तो निदान जुलै अखेरपर्यंत. आंब्याचं काम त्याआधीच संपलेलं असतं. कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवरून पावसाच्या तोंडावर परततात, हातात उचल फिटल्यावर उरलेलं काय ते. लावणीचे पंधरा-वीस दिवस मजुरी असते, मग भात कापणीपर्यंत पुन्हा हात रिकामे, आणि त्यातच गणपती. म्हणजे जून, ऑगस्ट आणि सप्टेंबरला शिधा जास्त लागतो. देणग्या मात्र येतात गणपतीत आणि मे महिन्यात, चाकरमानी गावी असतात तेव्हा. मे मधल्या देणाऱ्याला सांगा की धान्य आणू नका, पैसे द्या, आम्ही जूनच्या आणि ऑगस्टच्या शनिवारच्या आधी माल घेऊ. आगोटीची (पावसाआधीची) बेगमी घराला ठीक असते, तिथे रोज कोणीतरी डबा उघडून बघतं. सार्वजनिक खोलीत चार महिन्यांची डाळ भरून ठेवली तर श्रावणात तिचा भुगा होतो.

कोठीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळं इथेच बिघडतं.

जांभ्याची भिंत पाणी ओढते. बाहेरून गिलावा असला तरी जुलैत आतून हात लावला की गार ओल लागते. कट्टा भिंतीला टेकला की त्या बाजूचा तांदूळ आधी घाम धरतो, मग गुठळी, मग बुरशी. भिंतीपासून दीड ते दोन फूट जागा सोडा, माणूस आडवा होऊन जाऊ शकेल एवढी. जमिनीपासून किमान सहा इंच वर ठेवा: चिरे मांडा, त्यावर फळ्या, फळ्यांवर जाड प्लास्टिक. फळ्यांना वाळवी लागते, म्हणून चिऱ्यांवरची फळी महिन्यातून एकदा उचलून खालून बघा. मृगाच्या आधी, मे अखेरीस, भर दुपारी खोलीचं दार लावून आत काळोखात उभे राहा. कौलांतून जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे जूनमध्ये पाणी येणार. त्याच वेळी कौलं फिरवून घ्या. खिडक्यांतून झड येते ती वेगळी. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या खिडक्यांना बाहेरून ताडपत्री किंवा झापं बांधा, पण पूर्वेची खिडकी उघडीप असलेल्या दिवशी उघडी ठेवा. खोली सतत बंद राहिली तर ओल आतच कोंडते. बाहेर धो-धो पाऊस असताना मात्र उघडू नका.

आलेला तांदूळ पुरेसा सुका आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. मीठ तव्यावर चांगलं भाजून गार करा, कारण पावसाळ्यातलं मीठ स्वतःच ओलं असतं. कोरड्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश तांदूळ घ्या, दोन-तीन चमचे ते मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. काचेला आतून मीठ चिकटलेलं दिसलं तर दाण्यातला ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, तो साठवायचा नाही. लगेच वाटायचा तरी किंवा उन्हात घालायचा तरी. मीठ सुटं खाली पडलं तर साठवायला हरकत नाही. कट्ट्याच्या तोंडाशी नेहमी कोरडाच दाणा असतो, म्हणून दाणे मधून आणि तळातून काढा.

ऊन दिलेलं धान्य गरम असताना डब्यात भरू नका. ही चूक फार जण करतात. खळ्यावरून संध्याकाळी गोळा केलं, गडबडीत पिंपात ओतलं, झाकण लावलं. रात्री धान्य थंड होतं, झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी धरतं, ते परत धान्यावर पडतं, आणि वरचा चार बोटांचा थर काळा पडतो. रात्रभर चादरीवर पसरून गार होऊ द्या, सकाळी भरा.

पिंपांचं एक कळकळीने सांगतो. बाजारात स्वस्तात मिळणारी वापरलेली निळी पिंपं बऱ्याचदा केमिकलची असतात. कितीही धुतली तरी प्लास्टिकने शोषलेलं बाहेर येत राहतं. आधी काय होतं हे ठामपणे कळत नसेल तर ते पिंप धान्याला वापरू नका. खताच्या गोणीचंही तेच. बागायतदाराकडे स्वच्छ धुतलेल्या युरियाच्या गोणी पडलेल्या असतात, कोणीतरी प्रेमाने आणून देतो. नको म्हणा. पत्र्याच्या नव्या कोठ्या किंवा अन्नासाठीच्या म्हणून विकत घेतलेल्या पिंपांवर खर्च करा. देणगीतून पहिली खरेदी हीच असावी, फलक नंतर.

टोके पडले म्हणून तांदूळ फेकायचा नसतो. पाखडायचा, चाळायचा, ऊन द्यायचं, आणि त्याच शनिवारी "यात टोके होते, चाळून दिलाय" असं सांगून द्यायचा. घरातल्या बायका तेवढं समजतात. फेकायचा तो कुबट वासाचा, गुठळ्या झालेला, हिरवट-काळ्या ठिपक्यांचा. तो गुरांनाही घालू नका, बुरशीचं विष गुरांना तसंच बाधतं. शेंगदाण्यांबाबत आणखी कडक राहा: काळपट, सुरकुतलेले किंवा खवट दाणे धुऊन, भाजून सुधारत नाहीत. डाळीला भुंगा लागू नये म्हणून किलोला चमचाभर एरंडेल हाताला लावून चोळण्याची पद्धत चांगली आहे. थोडी डाळ असेल आणि गावात कोणाकडे डीप फ्रीजर असेल तर घट्ट बांधलेल्या पिशव्या चार दिवस त्यात ठेवून काढल्या की आतली अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या उष्णतेला आल्यावरच उघडा, नाहीतर डाळीवर दव धरतं. धान्यात टाकायच्या तीव्र विषाच्या गोळ्या, सेल्फॉससारख्या, खोलीत आणूही नका. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणूस मारतो. त्या वापरण्याची परवानगी आणि शिक्षण असलेल्यांनीच त्या हाताळायच्या असतात. बोरिक पावडरही धान्यात नको.

उंदराला पेन्सिलीएवढी फट पुरते. दाराच्या खालच्या कडेला पत्रा ठोका, मोरीच्या तोंडाला जाळी लावा, पिंजरे ठेवा. विषारी आमिष नको, कारण उंदीर माळ्यावर जाऊन मरतो आणि अर्धवट खाल्लेलं आमिष धान्यात येतं. उंदीर आले की मागोमाग साप येतात. रत्नागिरीच्या कातळात फुरशांना तोटा नाही, आणि दोन कट्ट्यांमधली कोरडी फट त्यांना आवडते. म्हणून नियम: टॉर्च मारल्याशिवाय फटीत हात घालायचा नाही, कट्टा स्वतःकडे न ओढता बाजूला सरकवायचा, पायात बंद बूट. उंदराचं मूत लागलेल्या पोत्यांमुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. हाताला जखम असेल तर हातमोजे, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुणं चुकवू नका.

वासाची एक वेगळी अडचण आहे. तांदूळ, चहा आणि पीठ वास ओढून घेतात. साबणाच्या वड्या आणि चहाची पाकिटं एकाच पिशवीत महिनाभर राहिली तर चहाला साबणाचा वास येतो. फिनेल तर त्या खोलीतच नको. सुकट, जवळा, सुका बांगडा कोणी दिला तर जरूर घ्या, पावसाळ्यात त्याच्यासारखं पौष्टिक कालवण नाही. पण तो घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळ्या खोलीत ठेवा आणि वाटपाच्या दिवशी वेगळ्या टेबलावर, ज्याला हवा त्याने घ्यावा असा. शिध्याच्या पिशवीत घातला तर माळकरी घरात अख्खी पिशवी बाद होते. तेलाची पाउचं क्रेटमध्ये उभी ठेवा आणि क्रेट सगळ्यात खाली. फुटलेलं एक पाउच खालच्या दहा किलो तांदळाची वाट लावतं. मीठ घमेल्यात, बाकी सगळ्यापासून दूर.

देणगीत काय येतं, तेही ऐका. गणपतीनंतर अर्धी वापरलेली पाकिटं येतात: रवा, बेसन, मसाला, सुकामेवा. उघडलेलं पाकीट घ्यायचं नाही, कितीही ओळखीचं घर असो. पाकिटावरची तारीख बघा. "अमुक तारखेपर्यंत उत्तम" ही चवीची तारीख आहे, पण तीसुद्धा उलटलेला माल आपण वाटत नाही, कारण घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. तारखेला महिना उरला असेल तर लगेचच्या शनिवारी काढा. प्रत्येक पिशवीवर जाड मार्करने महिना लिहा आणि तो भाग पुढे करून ठेवा; आधी आलेलं आधी बाहेर.

बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे कोणी आणले तर नम्रपणे परत करा. हा आपल्या मर्जीचा प्रश्न नाही. 1992 च्या कायद्यानुसार अशी पावडर आणि दुधाच्या बाटल्या अनाथालयाशिवाय कोणालाही दान करता किंवा वाटता येत नाहीत. कारण साधं आहे. पावडर मिळाली की आईचं दूध मागे पडतं, आणि गढूळ पाण्यात पातळ केलेली पावडर बाळाला हगवण लावते. त्याऐवजी त्या आईला डाळ, गूळ, शेंगदाणे जास्त द्या आणि अंगणवाडीत नाव आहे का बघा.

शिजलेल्या अन्नाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: धान्यबँकेने ते साठवायचं काम घेऊ नये. लग्नातला उरलेला भात, भंडाऱ्याची आमटी मन मोडवत नाही म्हणून घेतली जाते, पण ती 60 अंशांच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली थंड ठेवायची सोय गावात नसते. मे महिन्याच्या उष्म्यात दोन तासांत भात धोक्याचा होतो, आणि नंतर पुन्हा गरम केला तरी आत तयार झालेलं विष जात नाही. कोणाचा फोन आला तर सांगा: पंगत उठल्या उठल्या, भांडं उष्टं नसेल तर, वाडीतल्या माणसांना तिथेच जेवायला बोलवा. ताजी मासळीही बर्फाशिवाय आली तर नको. बांगडा, कुपा यांसारखी मासळी उन्हात राहिली की तिच्यात हिस्टामाइन तयार होतं, शिजवून ते नाहीसं होत नाही. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, उलट्या हे त्याने होतं, आणि लोक समजतात ॲलर्जी झाली. मंडळाला तरीही उरलेल्या अन्नाचं काम नियमित करायचं असेल तर 2019 ची केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नियमावली आहे. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात नोंदणीबद्दल विचारून मगच सुरुवात करा.

वाटपाचा दिवस. चाळीस घरं एकाच शनिवारी बोलावू नका, वीस-वीस करा. वेळ एस.टी.च्या हिशोबाने ठरवा: वरच्या वाडीतली माणसं ज्या गाडीने येतात ती आल्यावर सुरू, परतीच्या गाडीआधी अर्धा तास संपलेलं. खाडीपलीकडून तरीने (होडीने) येणारी घरं असतील तर ओहोटीत ती होडी लागते का, हे आधी बघा. बंदराच्या गावात लिलावाची वेळ टाळा, नाहीतर कोळणींना यायला जमतच नाही. वीस घरांना सहा माणसं पुरतात: दारात एक, वहीवर एक, पिशव्या हाती देणारे दोन, गाडीवर किंवा एस.टी.पर्यंत पिशवी नेऊन देणारा एक, आणि एक मोकळा. हा मोकळा माणूस कायम लागतो. वजनं आदल्या दिवशीच करून ठेवा. काटा सुरू करण्याआधी न फोडलेलं एक किलोचं मिठाचं पाकीट ठेवून बघा, आणि पिशवीचं वजन शून्य करायला विसरू नका. 21 किलोंचा शिधा एका पिशवीत बांधू नका, घाटी चढून जाणाऱ्या बाईला तो उचलत नाही. दोन पिशव्या करा किंवा तांदूळ घरपोच द्या. पिशव्या कापडी असू द्या आणि पुढच्या वेळी परत आणायला सांगा. पावसात वरून पांघरता येईल असं एक जाड प्लास्टिक सोबत द्या, तेही परत घ्या.

गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, हीच इथली अवघड बाजू आहे. शहरात माणूस अनोळखी रांगेत उभा राहू शकतो; इथे रांगेत उभं राहिलं की संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. म्हणून नावं मोठ्याने पुकारू नका, नंबराची चिठ्ठी द्या. यादी भिंतीवर लावू नका. फोटो नाही, देणगीदाराने मागितला तरी नाही. त्याला भरलेल्या कोठीचा फोटो पाठवा. बसायला बाक ठेवा, पाणी ठेवा. बोलणं घरच्यासारखं ठेवा: "आजी, उकडा देऊ की सुरय (न उकडलेला)?", "काकी, चवळी हवी की वाटाणे?" निवड विचारली की घेणारी बाई हिशोब करायला लागते, तिची मान वर होते, आणि नको असलेली वस्तू तिच्या घरात पडून राहत नाही. "किती जण आहात, मुलगा काही पाठवत नाही का?" असले प्रश्न टेबलावर विचारायचे नसतात. मुंबईच्या मुलाचं नाव काढलं की म्हातारी पुढच्या महिन्यापासून येणं बंद करते. जी घरं येणारच नाहीत, आणि अशी असतातच, त्यांच्याकडे तिन्हीसांजेला घरच्या पिशवीतून नेऊन द्या. "मंडळाने जास्त आणलंय, संपवायला मदत करा" एवढं पुरतं.

वह्या तीन: आवक, जावक, शिल्लक. प्रत्येक शनिवारी दार लावायच्या आधी दोघांनी मिळून प्रत्यक्ष मोजायचं आणि दोघांनी सही करायची. फरक आला तर त्याच दिवशी लिहायचा, "सांडलं" असं लिहायलाही लाजू नका. तीन महिने फरक न लिहिता ढकलला की संशय माणसांवर येतो आणि मंडळ फुटतं. नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून वर्गणी घ्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणेशोत्सव मंडळं घेतात तशी. करसवलतीचं कोणी विचारलं तर आधी आपली संस्था त्यासाठी मान्यताप्राप्त आहे का ते बघा. असली तरी रोख देणगीला 2000 रुपयांपर्यंतच सवलत मिळते, आणि तांदूळ-डाळीच्या रूपातल्या देणगीला मिळत नाही. पावती देण्याआधी हे सांगितलं की नंतर वाद होत नाहीत.

पुराचं थोडक्यात सांगतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली तशी वेळ आली, तर पहिले दोन-तीन दिवस तांदूळ-डाळीच्या पिशव्या उपयोगाच्या नसतात. चूल भिजलेली, गॅस वाहून गेलेला, भांडी चिखलात. तेव्हा पिण्याचं पाणी, चुरमुरे, फरसाण, बिस्किटं, भाजलेले चणे, मेणबत्त्या, काडेपेट्या, सॅनिटरी पॅड. कोरडा शिधा चौथ्या दिवसानंतर, तोही पातेलं, पळी, ताटं यांच्यासोबत. पुराचं पाणी लागलेलं कुठलंही धान्य, पीठ, पाकीट द्यायचं नाही, वरून कोरडं दिसलं तरी. पाण्यात उतरणाऱ्या स्वयंसेवकांनी लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना आधीच विचारावं.

पहिल्या दिवशी नेण्याचं सामान फार नाही: टॉर्च, दोन जाड काळे मार्कर, कात्री, सुतळीचा गुंडा, नाकाला बांधायला रुमाल (डाळ पाखडताना धूळ उडते), बंद बूट, पाण्याची बाटली. पन्नास किलोचा कट्टा एकट्याने उचलू नका, दोघांनी चार कोपरे धरून उचला, कंबर गेली तर तुमचा बुधवार कायमचा जाईल. गेल्यावर आधी वही मागा आणि शिल्लक कशाशी जुळते ते खोलीत फिरून बघा. तळाला गेलेला सगळ्यात जुना कट्टा वर काढा, त्यावर महिना लिहा, मग बाकीच्यांना विचारा की या शनिवारी काय कमी पडतंय. बहुधा डाळ असेल.